वेडेलिया

पाऊस सुरू झाला की आमच्या परसात सगळ्यात खूष कोण असेल तर ती वेडेलिया. पिवळीधमक फुलं, चकचकीत पानं. येणारा-जाणारा म्हणतो, "काय हिरवंगार ठेवलंय हो!" मी कसनुसं हसते. ठेवलंय कुठलं, तिनेच आम्हाला ठेवलंय!

बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी आईने ती आणली. नर्सरीवाला म्हणाला होता, "काही बघावं लागत नाही." आणि खरंच, तेव्हा बागेकडे बघायला वेळ होता कुणाला? पण बघावं न लागणारं झाड आपल्याकडे बघत नाही, दुसऱ्या झाडांकडेही बघत नाही. लिलीचे कांदे गेले, पुदिना गेला, अनंत कसाबसा तग धरून आहे. (आपला औषधी पिवळा माका हिचा जवळचा नातलग, पण ही बाई मूळची मेक्सिको-कॅरिबियनकडची. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत हिचं नाव आहे.)

पहिल्यांदा मी मूर्खपणा केला. कोयत्याने सपासप कापली आणि तुकडे खतखड्ड्यात टाकले. हिला पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे महिन्याभरात खड्डाही पिवळा! माळीदादा म्हणाले, तणनाशक मारू. विहीर दहा पावलांवर, कढीपत्ता शेजारी, म्हटलं नको. आता पाऊस पडून माती भुसभुशीत झाली की खुरपं घेऊन बसते. एक दांडी धरायची, शेवटापर्यंत जायचं, मुळासकट काढायची. काढलेलं सगळं गच्चीवर पाऊस उघडेल तसं कडकडीत वाळवायचं, मगच खतात. मोकळ्या जागेवर जुनी खोकी आणि पालापाचोळा. दर रविवारी चटईएवढीच जागा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते दुसरा मार्ग नाही. आणि नर्सरीवाल्यांनी हे "बिनकटकटीचं" म्हणून विकणं बंद करावं, हेही माझं ठाम मत.

परवा आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "काढ बाई. पण त्या वर्षी घरात तेवढंच एक वाढत होतं गं."

खुरपं जरा थांबलंच.

ताई, तू वाचत असशीलच. तू म्हणणार, एक तुकडाही ठेवू नकोस. ठेवलाय, गच्चीतल्या टांगत्या कुंडीत. खाली लोंबायला लागला की कात्री. अनंताला या आठवड्यात दोन कळ्या आल्यात.