विश्लेषण : रानातली ओळख मोबाइलवर किती भरवशाची?

पाऊस सुरू झाला की सह्याद्रीच्या वाटांवर फुले, कीटक, साप यांचे फोटो काढणारे वाढतात. फोटो टाकला की ॲप काही सेकंदांत नाव सांगते. पण ते नाव म्हणजे अंदाज की निकाल? हा फरक लक्षात न घेतल्यास प्रसंगी जिवावर बेतू शकते.

ही ॲप्स कोणती?

‘आयनॅचरलिस्ट’ २००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून सुरू झाले. २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. वनस्पतींसाठी फ्रान्समधील संशोधन संस्थांचे ‘प्लांटनेट’, तर पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ लोकप्रिय आहे. ‘मर्लिन’ आवाजावरूनही पक्षी सुचवते.

ओळख पटते कशी?

जाणकारांनी आधी ओळखलेल्या असंख्य फोटोंवरून संगणक रंग, आकार, ठेवण शिकतो आणि नव्या फोटोशी साम्य शोधतो. ज्या प्रजातीचे फोटो मुळातच कमी, तिथे तो कच्चा राहतो आणि ओळखीतले जवळचे नाव पुढे करतो. म्हणूनच ‘आयनॅचरलिस्ट’वर संगणकाच्या सूचनेवर काम संपत नाही. फोटो, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीवर ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, तरच तिला ‘संशोधन दर्जा’ मिळतो. शेवटचा शब्द माणसांचाच असतो.

चूक कुठे महागात पडते?

सापांच्या बाबतीत सर्वाधिक. कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी. पण दोघांच्याही गडद अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक, मण्यारीचे शेपटीकडे. रात्री घाईत काढलेल्या अर्धवट, धूसर फोटोत हा फरक दिसतोच असे नाही. त्यात मण्यारीचा दंश अनेकदा फारसा दुखतही नाही. अशा वेळी ॲपने ‘बिनविषारी’ म्हटले आणि घरचे निर्धास्त झाले, तर मोलाचे तास हातचे जातात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. त्यामुळे फोटोसाठी सापामागे धावण्याची गरज नाही. रुग्णाची हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालय गाठणे हाच मार्ग.

रानभाज्या आणि अळिंबीचेही तेच. खाण्याजोग्या अळिंबीसारखी दिसणारी विषारी भूछत्रे असतात. सुंदर फुलांच्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे घातक विष असते. टाकळा, कुर्डू, शेवळं वर्षानुवर्षे खुडणाऱ्या बाईला कोणते पान कधी खुडायचे आणि कसे शिजवायचे, हे ठाऊक असते. शेवळ्याला काकड लागते, नाहीतर घसा खाजतो, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

मग ॲप वापरायचे की नाही?

जरूर वापरावे. एरवी ‘कुठलेसे झुडूप’ म्हणून पुढे जाणारा माणूस ॲपमुळे थांबतो, हे कमी नाही. फक्त एका फोटोवर समाधान मानू नये. फूल, पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो घ्यावेत. त्यासाठी झाड उपटू नये. धोक्यातील प्रजातींचे नेमके ठिकाण ‘आयनॅचरलिस्ट’ झाकते. पण तोच फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकला, तर त्या झाकण्याला अर्थ उरत नाही.

कुतूहलापोटी विचारलेल्या प्रश्नाला ॲपचे उत्तर पुरते. तिथे चूक झाली तरी उद्या दुरुस्त होते. खाण्याच्या, हात लावण्याच्या किंवा उपचाराच्या प्रश्नात ती सवलत नसते. तिथे जाणत्या माणसाला किंवा डॉक्टरलाच विचारावे.