रोहिणीचे पाणी

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय होता 'जागतिक संकटे आणि बुद्धविचार'. मीही भाग घेतला होता. 'जगाला युद्ध नको, बुद्ध हवा' असा भाषणाचा शेवट केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरे बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्र घेऊन गावी गेलो. आईला वाचता येत नाही. तिने ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवले आणि विचारले, "काय बोललास?" मी सांगितले. ती म्हणाली, "चांगलं बोललास. पन त्या पालातल्या बाईला मागं सारलंस, ते सांगितलंस का तिथं?"

ते मी सांगितले नव्हते. म्हणून आज लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाआड टँकर येई. तो आधी गावात थांबे आणि उरलेले पाणी आमच्या वस्तीला मिळे. त्याच सुमारास बाहेरच्या माळावर भटक्यांची चार पाले उतरली होती. त्यांतली एक बाई कडेवर मूल घेऊन, घागर घेऊन आमच्या रांगेत उभी राहिली. "यादीत तुमचं नाव नाही," असे म्हणून आम्ही पोरांनी तिला मागे सारले. पाइप माझ्या हातात होता. दर वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर भाषणे करणारे आम्ही! आईने मात्र मुकाट्याने आपली अर्धी घागर त्या बाईच्या घागरीत ओतली. रात्री घरात पाणी कमी पडले, तेव्हा मी आईवरच चिडलो.

मित्रहो, बुद्धाच्या चरित्रातही असाच पाण्याचा तंटा आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. दोघांचीही शेती तिच्यावर होती आणि पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामाऱ्या होत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेबांना ती पटली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचे कारण या रोहिणीच्या तंट्यात दाखवले आहे. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने सुचवले की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी निवाडा करावा. ही सूचना बहुमताने फेटाळली गेली. सैन्यात जाणार नाही म्हणावे, तर घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती! घरच्यांना झळ लागू नये म्हणून त्याने परिव्राजक होऊन देश सोडला.

याच्या पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काही काळाने तंटा मिटल्याची बातमी आली. आता घरी परतायला काय हरकत होती? पण तो परतला नाही. राज्याराज्यांतली युद्धे अधूनमधून होतात, माणसांच्या वर्गावर्गांतला झगडा मात्र अखंड चालू असतो. त्याचे मूळ सापडल्याशिवाय आपले काम संपत नाही, असे त्याने ठरवले. माझ्या मते बुद्धाची प्रज्ञा ती हीच. तंटा आज मिटला एवढ्यावर न थांबता तो मुळात होतो का, हे विचारणे!

आजच्या जगाला हाच प्रश्न विचारावा लागेल. मोजमाप सुरू झाल्यापासून २०२४ पर्यंतच्या वर्षांत २०२४ हेच सर्वांत उष्ण ठरले. २०२२ च्या महापुरात पाकिस्तानातील सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला. जगाच्या हवेत जो धूर जातो त्यात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. धूर एकाचा आणि पूर दुसऱ्याच्या घरात! दूर कशाला? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधीच तेथे पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली होती. त्याच मराठवाड्यात ऊसही उभा असतो. पाऊस कमी पडला हे खरे, पण पडलेले पाणी कोणाच्या शेतात गेले, हे कोणी विचारायचे?

काही मित्र म्हणतात, "बुद्धाला मानणारे देश तरी कुठे शहाणे आहेत?" या प्रश्नापासून आपण पळू नये. २०१७ मध्ये बौद्ध बहुसंख्य असलेल्या म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवायला बांगलादेशात गेले. नुसत्या नावाने कोणी करुणावान होत नाही. मी तरी कुठे झालो होतो? उलट थायलंडमध्ये काही भिक्खूंनी जंगलतोड थांबवण्यासाठी झाडांना चीवर गुंडाळले. भिक्खूचे वस्त्र ल्यालेल्या झाडावर कुऱ्हाड उचलताना माणूस विचार करतो.

बाबासाहेबांनी मे १९५६ मधील भाषणात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. तिन्ही का लागतात, ते मला आमच्या टँकरपाशी समजते. माझ्याजवळ यादी होती, हिशेब होता, पण करुणा नव्हती. आईजवळ करुणा होती, पण तिच्या अर्ध्या घागरीने दुसऱ्या दिवशीची रांग बदलली नाही. आणि टँकर आधी कोठे थांबायचा हे ज्यांनी ठरवले, त्यांना समता नको होती.

म्हणून एक सूचना करतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी झाडे लावतो. यंदा त्याबरोबर शिबिराच्या गावात पाण्याची नोंदवही करू. कोणत्या वस्तीला दिवसाला किती घागरी मिळतात, कोणती विहीर कधी आटली, तिच्या शेजारी किती बोअर आहेत, हे घरोघर विचारून लिहू आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवू. याने जग बदलेल असा माझा दावा नाही. सरांनी परवानगी दिली, तर पहिले पान मी लिहीन. त्यात गावाबाहेर पाले असतील, तर त्यांची नावे आधी येतील.