बसवला म्हणजे झाले, असे नाही



विमानात आपत्कालीन ट्रान्समीटर एकदा बसवला की काळजी मिटली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. दणका बसताच तो आपोआप सुरू होतो, हे खरे. पण तो धरून ठेवणारा पट्टा सैल असेल तर त्याच दणक्यात ट्रान्समीटरचा डबा जागेवरून निसटतो, अँटेनाची केबल तुटते आणि संदेश बाहेर पडतच नाही. म्हणून पट्टा, केबलचे जोड, बॅटरीवरची मुदत दर वार्षिक तपासणीत हात लावून पाहायलाच हवी. शिवाय जुन्या ट्रान्समीटरचे १२१.५ मेगाहर्ट्झचे संकेत उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून टिपणे बंद केले आहे. म्हणून ट्रान्समीटर ४०६ मेगाहर्ट्झचाच हवा, आणि नोंदणी केलेला. विमान विकत घेणाऱ्यांनी या नोंदणीतला जुन्या मालकाचा फोन नंबर आधी बदलून घ्यावा.

– एक विमान देखभाल अभियंता, पुणे