भुलेचा मक्ता आणि मालकाची जबाबदारी

2016 साल सरता सरता अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटलगतच्या दोन रुग्णालयांत भूल देण्याचे काम करणाऱ्या साठांहून अधिक प्रशिक्षित परिचारिका व परिचारकांपुढे एक करारनामा ठेवण्यात आला. रुग्णालयाच्या पगारपत्रकावरील त्यांची नावे कमी होणार होती आणि नव्या वर्षारंभापासून त्यांनी एका खाजगी भूलसंस्थेच्या नोकरीत रुजू व्हावे, अशी तजवीज परस्पर ठरली होती. शस्त्रक्रियागृह तेच, यंत्रे तीच, शल्यविशारद तेच. बदलायचा तो केवळ धनी. नव्या अटी पसंत नसल्याने त्यांनी सह्या करण्याचे नाकारले, तेव्हा सही नाही तर नोकरीही नाही, असा रोखठोक हिशेब त्यांच्यासमोर मांडला गेला. त्या एका तंट्याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. मात्र रुग्णालयाने आपला भूलविभाग मक्त्याने दिला आणि त्यातून नोकरवर्गाशी तंटा उद्भवला, म्हणजे रुग्णालयाचे मुखत्यार जी एक कैफियत ठरीव शब्दांत पुढे करतात, तिचा परामर्श कोणीतरी घ्यावयास हवा.

पूर्वपक्ष दुबळा नाही आणि तो दुबळा करून मांडण्यात काही पुरुषार्थही नाही. त्याचे म्हणणे असे की, अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉक्टर बव्हंशी कधीच रुग्णालयाचे पगारी नोकर नव्हते; गावोगावी त्यांचे भागीदारी संघ असत व ते रुग्णालयाशी करार करून काम पाहत, तेव्हा आजच्या मक्तेपद्धतीत नवे ते काय? दुसरे असे की, भूल देणाऱ्या माणसांचा सर्वत्र दुष्काळ असताना त्यांची जमवाजमव, पाळ्यांचा मेळ आणि विमा कंपन्यांशी चालणारी बिलांची झटापट ही कामे त्यातच मुरलेल्या संस्थेने करणे अधिक शहाणपणाचे. तिसरे, पगार, रजा व कामाचे तास हा मक्तेदार आणि त्याचा नोकरवर्ग यांच्यातील खाजगी मामला असून रुग्णालय त्यात त्रयस्थ आहे. आणि शेवटी ब्रह्मास्त्र: तंटा संपापर्यंत गेला तर टेबलावरच्या रोग्याचे काय?

इतिहासाचा पहिला दाखला अर्धा खरा आहे, आणि गोम त्या अर्धेपणातच आहे. डॉक्टरांचे संघ स्वतंत्र होते हे मान्य. पण भूल देणाऱ्या परिचारिकांची परंपरा निराळी आहे. रॉचेस्टरच्या मेयो बंधूंकडे काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ यांनी चौदा हजारांहून अधिक भुलांचा वृत्तांत 1906 साली प्रसिद्ध केला, त्या काही कोणा मक्तेदाराच्या दप्तरातून नेमलेल्या नव्हत्या. शिवाय डॉक्टरांचे ते जुने संघ म्हणजे त्याच गावात राहणाऱ्या, त्याच शस्त्रक्रियागृहात रात्री जागणाऱ्या माणसांची भागीदारी होती. नफा झाला तर त्यांचा आणि नाचक्की झाली तरी त्यांचीच. आजचा मक्तेदार पुष्कळदा दूरच्या भांडवलदारांच्या निधीवर उभा असतो. 2012 साली स्थापन झालेल्या ‘यू. एस. अनेस्थेशिया पार्टनर्स’ या कंपनीने टेक्सासमधील असे डझनावर संघ एकामागून एक विकत घेऊन भुलेचे दर चढविले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सप्टेंबर 2023 मध्ये तिच्यावर व तिच्यामागील गुंतवणूक संस्थेवर दावा लावला. गुंतवणूक संस्थेला न्यायालयाने त्या दाव्यातून वगळले; पुढे 2025 च्या आरंभी तिने आयोगाशी तडजोड करून कंपनीच्या संचालक मंडळावरील आपले स्थान एका जागेपुरते आटोपते घेण्याचे मान्य केले. आरोप हा आरोपच असतो, हे विसरून चालणार नाही. पण ज्या व्यवस्थेबद्दल असा दावा उभा राहू शकतो, तिला गावच्या जुन्या संघाचा वंशज म्हणणे म्हणजे वाडा विकत घेणाऱ्याने वाड्याबरोबर घराण्याचे आडनावही आपलेसे करण्यासारखे आहे.

कार्यक्षमतेच्या युक्तिवादाची वाट परस्पर लागली. तातडीच्या विभागांसाठी डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहांसाठी भूलतज्ज्ञ पुरविणारी ‘एन्व्हिजन’ ही बलाढ्य कंपनी 2018 साली सुमारे दहा अब्ज डॉलरांच्या व्यवहारात, मोठ्या कर्जाचा बोजा शिरावर घेऊन, एका गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली. विमा कंपनीच्या यादीबाहेर राहून रोग्याच्या माथी अवचित भारी बिल मारण्याची सोय 1 जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या कायद्याने बंद केली, आणि मे 2023 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. कायदा हे पतनाचे एकमेव कारण नव्हते, कर्जाचे व्याजही होतेच. तरी प्रश्न उरतो की, माणसांची जमवाजमव करण्यातले जे कौशल्य म्हणून मिरविले जात होते, त्यात कौशल्य किती आणि बिल फाडण्याची मुभा किती?

मक्तेदार बदलला की कोणते ज्ञान वाया जाते, ते लांबून कळत नाही. सकाळचा पहिला रोगी टेबलावर घेण्यापूर्वी भूल देणारी व्यक्ती यंत्राच्या नळ्यांतून गळती नाही ना हे पाहते, सक्शन ओढते की नाही ते हाताला लावून बघते, लॅरिंगोस्कोपचा दिवा उघडझाप करून खात्री करून घेते. रोग्याला भूल चढल्यावर श्वासनलिकेत घातलेली नळी योग्य जागी गेली की चुकून अन्ननलिकेत, हे पडद्यावर उमटणाऱ्या कर्बवायूच्या आलेखावरून चार-सहा श्वासांत ओळखते. हे शिक्षण कोठेही मिळते आणि कोठेही उपयोगी पडते. पण कोणत्या शल्यविशारदाच्या हातून रक्त अधिक जाते, रक्तपेढीची पिशवी यावयास वास्तविक किती वेळ लागतो आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन केला असता तो उचलला जातो, हे त्या एका इमारतीत वर्षे काढल्यावाचून कळत नाही. हे ज्ञान करारनाम्याच्या परिशिष्टात बसत नाही. साठ माणसे एकदम गेली की ते त्यांच्याबरोबर जाते, आणि तुटवडा भरून काढण्यासाठी आठवड्याच्या बोलीने, चढ्या दराने आणलेल्या पाहुण्या माणसांना ते कोणी सांगत नाही.

त्रयस्थपणाचा दावा मात्र सर्वांत पोकळ आहे. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक अमेरिकन रुग्णालयाला जे नियम बंधनकारक आहेत, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, रुग्णालयात दिली जाणारी सेवा कराराने दिलेली असो वा नसो, तिची जबाबदारी नियामक मंडळाचीच. म्हणजे रोग्याच्या बाबतीत रुग्णालयाला मक्तेदाराच्या आड लपता येत नाही. मग त्याच टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचे तास, त्याची रजा, आणि एका डॉक्टरने एका वेळी किती खोल्यांवर देखरेख करावी (मेडिकेअरच्या हिशेबी ही मर्यादा चार आहे) हे प्रश्न निघताच तेच मंडळ अनोळखी कसे होते? शस्त्रक्रियांची यादी रुग्णालय लावते, सायंकाळी किती खोल्या चालू ठेवायच्या हे रुग्णालय ठरवते. मक्तेदाराकडे उरते ते पगारपत्रक आणि शिस्तीचा बडगा. अशा दोघांना संयुक्त मालक मानावे की नाही, यावर तेथील श्रमसंबंध मंडळाने 2015 मध्ये एक व्यापक कसोटी लावली, 2020 मध्ये नियम करून ती आवळली, 2023 मध्ये पुन्हा सैल केली आणि मार्च 2024 मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो शेवटचा नियम रद्द ठरविला. श्रमिकांचा धनी कोण, हे वॉशिंग्टनमधील सत्तापालटाबरोबर बदलत राहावे, यापरते अस्थैर्य कोणते?

उलट दिशेचा एक बंध मात्र मक्तेदार विसरत नाही. नोकरी सोडल्यास ठराविक मुदतीपर्यंत त्याच रुग्णालयात काम करता येणार नाही, असे कलम या करारनाम्यांत आढळते. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे तर अशाच कलमापायी एका रुग्णालयाला आपल्याच भूल-मक्तेदाराविरुद्ध न्यायालयात जावे लागले. मक्ता देताना जो त्रयस्थ होता, तो फिर्यादी झाला!

आता संपाचे ब्रह्मास्त्र. अमेरिकेत श्रमसंबंध कायद्याच्या 1974 च्या दुरुस्तीपासून रुग्णालयातील श्रमिक संघटनेला संपापूर्वी दहा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती का, हे सांगायला नको: रोग्यांची अन्यत्र व्यवस्था व्हावी म्हणून. नोकरवर्गावर हे बंधन असावे याला माझी हरकत नाही, ते न्याय्य आहे. पण मक्ता संपुष्टात आणताना पाळावयाची मुदत ही करारावर सह्या करणाऱ्या दोघांच्या सोयीची असते. त्या सह्यांत ना परिचारिकेची असते ना रोग्याची. रोग्याच्या सुरक्षिततेचा कळवळा एकाच पक्षाने वाहावा, अशी ही वाटणी आहे.

यावर आपल्याकडचा वाचक विचारील की, पुण्या-नाशकात स्वतःची बॅग घेऊन सकाळी एका नर्सिंग होममध्ये व दुपारी दुसऱ्यात भूल देणारे डॉक्टर तरी कोणाचे नोकर आहेत? कोणाचेच नाहीत, आणि त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणेही नाही. तो माणूस आपले काम व आपला मोबदला स्वतः ठरवतो, नको त्या दवाखान्याला नाही म्हणतो. मक्त्यातल्या नोकराला यांपैकी काहीच करता येत नाही. आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाची दोन्ही टोके केव्हाच हाताळली आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डात काम करणाऱ्या नोकरांना भरपाईवाचून कामावरून कमी केल्याच्या खटल्यात, 1960 साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी रुग्णालय हाही औद्योगिक कायद्याच्या कक्षेतला उद्योग ठरविला. आणि 2004 साली सविता गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टर कायम नोकरीत असो वा तात्पुरता बोलावलेला, त्याच्या हयगयीसाठी रुग्णालय जबाबदार आहे. ही दोन टोके जोडली की माझा पक्ष सिद्ध होतो: रोग्यासमोर जो उत्तरदायी, तो वाटाघाटीच्या बैठकीतही हजर पाहिजे, मक्तेदार बदलला तरी जुन्या नोकरवर्गाचा हुद्दा, सेवाकाल आणि संघटनेशी झालेला करार नव्यावर बंधनकारक पाहिजे, आणि नोकरी सोडणाऱ्याला त्याच इमारतीत काम करण्यास मनाई करणारे कलम मुळातच निरर्थक ठरले पाहिजे.

राहता राहिला पैशाचा आक्षेप: रुग्णालयाच्या तिजोरीला हे पेलणार कसे? पण मेडिकेअर भुलेसाठी खाजगी विम्याच्या जेमतेम एक-तृतीयांश दर देते, हे अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 सालीच नोंदविले होते. ती तूट भरून काढण्यासाठी कित्येक रुग्णालये मक्तेदाराला दरसाल ठोक अनुदान मोजतात. म्हणजे परिचारिकेच्या पगाराचा काही हिस्सा आजही रुग्णालयाच्याच तिजोरीतून, मक्तेदाराच्या हातून वळसा घेऊन येतो. आणि तो किती, हा आकडा व्यापारी गुपित म्हणून तिला कधी दाखविला जात नाही. पुढच्या तंट्यात संघटनेने पहिली मागणी करावयाची ती त्या आकड्याची.