आधी लोकशाही, मग बाया?

"आधी पाण्याचा प्रश्न सुटू दे, मग तुमचं बघू." कोरेगाव तालुक्यातल्या बैठकांमध्ये बायांना हे उत्तर कितीदा मिळतं! हंडे वाहायचे त्यांनीच, पण त्यांच्या प्रश्नांचा नंबर शेवटी. ब्रह्मदेशाचं, आजच्या म्यानमारचं, राजकारण वाचताना मला हाच 'मग' पुन्हापुन्हा दिसतो.

शान, काचिन आणि चिन नेत्यांना १९४७च्या पांगलाँग करारात अंतर्गत स्वायत्ततेचा शब्द मिळाला. तो पाळला गेला नाही. १९६२मध्ये लष्कराने सत्ता घेतली. पुढे १९८९मध्ये शान, मोन, चिन, राखाइन अशा अल्पसंख्य समाजांच्या पक्षांनी आघाडी उभारली. १९९०च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाला ४८५पैकी ३९२ जागा मिळाल्या, तर आघाडीतल्या शान पक्षाला २३. लष्कराने सत्ता सोडलीच नाही. तरी त्याच ऑगस्टमध्ये या आघाडीने सू ची यांच्या पक्षाबरोबर संयुक्त घोषणा केली आणि सर्व समाजांची समानता तीत लिहून घेतली. बहुसंख्याकांचं 'मग बघू' त्यांनी ऐकलं नाही. किंमतही मोजली: १९९२मध्ये आघाडीवर बंदी आली, २००५मध्ये शान पक्षाचे अध्यक्ष हकुन टुन ऊ यांना ९३ वर्षांची शिक्षा झाली. ते २०१२मध्ये सुटले.

पण मैत्रिणींनो, या समाजांतल्या बायांचं काय? लष्कराने केलेल्या बलात्कारांचा अहवाल शान कार्यकर्त्यांनी २००२मध्ये जगापुढे मांडला: १९९६ ते २००१ या काळातल्या १७३ घटना, ६२५ मुली आणि स्त्रिया. दडपशाही अशी बायांच्या अंगावर उतरते, वाटाघाटींना मात्र पुरुषच बसतात. म्हणून १९९९मध्ये वेगवेगळ्या समाजांच्या स्त्रीसंघटनांनी थायलंडच्या सीमेवर आपली स्वतंत्र एकजूट बांधली. निर्णयाच्या जागी किमान ३० टक्के स्त्रिया हव्यात, ही तिची मागणी.

फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि एप्रिलमध्ये विरोधकांनी समांतर सरकार स्थापलं. प्रतिसरकार म्हणजे काय, हे सातारा-सांगलीला सांगायला नको. १९४२नंतर आपल्याकडच्या बायांनी भूमिगतांना लपवलं, भाकरी पोचवल्या, निरोप नेले. स्वातंत्र्यानंतर त्यातल्या किती जणी सत्तेत दिसल्या?

आघाडीत शिरताना अल्पसंख्याकांनी अटी घातल्या, म्हणून त्या कागदावर तरी आल्या. बायांनीही तेच करायला हवं. लढाई संपल्यावर हिशेब मागायला गेलं की दार बंद झालेलं असतं. मग ती लढाई रंगूनची असो की कोरेगावच्या पाण्याची.