समुद्रापलीकडचे दुकान आणि आपला ग्राहक

शुक्रवारी म्हापशाचा आणि बुधवारी डिचोलीचा बाजार गाठणे हा पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील संसारी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. तो मोडला आहे असे नव्हे. परंतु त्याच्या जोडीला आता एक निराळाच बाजार आला आहे. तो कोणत्याही वारी भरतो, मध्यरात्रीही उघडा असतो आणि त्यातला दुकानदार कोणी पाहिलेला नसतो. धारगळ, कोरगाव, मये अथवा साखळी येथील घराच्या सोप्यावर बसून हातातल्या मोबाइलवर बोट टेकविले की चीनमधले घड्याळ, दुबईचे अत्तर किंवा अमेरिकेतले कॅमेऱ्याचे भिंग मागविता येते. या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. येथे न मिळणारे पुस्तक किंवा बंद पडलेल्या यंत्राचा दुर्मीळ भाग घरबसल्या मिळत असेल, तर तो काळाचा लाभच म्हटला पाहिजे. प्रश्न एवढाच की, माल आला नाही, भलताच आला किंवा मोडका आला, तर या ग्राहकाने दाद मागावयाची कोणाकडे?

परदेशी वस्तूंची ओढ गोमंतकीयाला नवीन नाही. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर पोर्तुगीज राजवटीने समुद्रमार्गे आणविलेल्या मालाने येथील दुकाने भरून गेली होती. मुक्तीनंतर आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणि जहाजावरच्या तारवटींनी आणलेल्या ‘फॉरेनच्या’ वस्तूंचे कौतुक घरोघरी होत असे. परंतु त्या काळी माल परका असला, तरी तो हाती देणारा आपला होता. दुकानातून घेतलेले घड्याळ बंद पडले, तर म्हापशाच्या त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढता येत असे. आणि दुकानदाराने कानांवर हात ठेवले, तर चार माणसांत त्याचीच पत जात असे. कायदा दुबळा असला, तरी शेजार बळकट होता. आजच्या व्यवहारात वस्तूबरोबर विकणाराही परका झाला आहे. त्या जुन्या शेजाराची जागा कायद्याने आणि शासनाने भरून काढावयास हवी होती. ती कागदावर भरली गेली, प्रत्यक्षात मात्र बव्हंशी रिकामीच राहिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फसवणुकीचे प्रकार तरी किती! संकेतस्थळाच्या नावात ‘इंडिया’ असते, किमती रुपयांत असतात, म्हणून ग्राहक ते दुकान भारतातले समजतो. विक्रेता मात्र शेन्झेनमध्ये बसलेला असतो. चित्रात दिसते ते पितळेचे, हाती येते ते पितळी रंगाचे प्लास्टिक. तक्रार करावी, तर ‘माल परत पाठवा, टपालखर्च तुमचा’ असे उत्तर येते. आणि आठशे रुपयांची वस्तू परत धाडावयास त्याहून अधिक खर्च येत असल्याने ग्राहक मुकाट बसतो. कोणी नेट धरलाच, तर ‘दहा टक्के रक्कम परत देतो’, ‘आणखी पंधरा दिवस थांबा’ अशी गोड पत्रे येऊ लागतात. त्या गोडव्यामागे एक हिशेब असतो. तक्रार नोंदविण्याची मुदत टळेपर्यंत ग्राहकास झुलवीत ठेवावे, एवढाच तो हिशेब. शिवाय माल खरा असला, तरी अडचणी राहतातच. अमेरिकेतील १२० व्होल्टचे उपकरण आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर जळून जाते, आणि तिकडच्या कंपनीची हमी पुष्कळदा त्या देशापुरतीच असते.

यापुढचा धोका सीमाशुल्काचा. परदेशातून येणाऱ्या खरेदीवर शुल्क आणि कर लागू होतात, हे विक्रेता सांगत नाही. पूर्वी चिनी संकेतस्थळे विकलेला माल ‘भेटवस्तू’ म्हणून धाडीत आणि पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींना असलेल्या सवलतीचा लाभ उठवीत. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ही वाट बंद केली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद ठेवला. काही वस्तू तर मुळात आणावयाच्याच नाहीत. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून. कुळागरात लावण्यासाठी हौसेने परदेशी बियाणे मागविणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. वनस्पती-संगरोधाच्या नियमांनुसार परवान्याशिवाय बियाणे आणता येत नाही, आणि २०२० साली जगभर अनोळखी बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली, तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयालाही इशारा द्यावा लागला होता. अशा वस्तू जप्त झाल्या, तर पैसे गेले ते गेलेच. वर जाब देण्याची पाळी ग्राहकावर येते.

या शुल्काच्या धास्तीवरच भामट्यांची दुसरी टोळी जगते. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक खात्यात एवढी रक्कम भरा, नाहीतर पोलीस येतील,’ असा दूरध्वनी येतो. ज्यांची मुले परदेशी आहेत, ज्यांच्या घरी पार्सले खरोखरच येतात, अशी वडीलधारी माणसे यात हमखास सापडतात. खरी रीत अशी की, टपालाने आलेल्या मालावरील शुल्क पोस्टमन पार्सल देताना पावतीवर घेतो, आणि कुरियर कंपनी कागदपत्रे व बिल दाखवून मागते. सीमाशुल्क खात्याच्या पत्रव्यवहारावर नोव्हेंबर २०१९ पासून ओळख-क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. कोणताही कस्टम अधिकारी खाजगी खात्यात पैसे भरावयास सांगत नाही, हे घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि ऑनलाइन खरेदीदारही त्याच्या कक्षेत आला. त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियम जाहीर झाले. भारतात स्थापन न झालेली, पण भारतीय ग्राहकांस पद्धतशीरपणे माल विकणारी संस्थाही या नियमांस बांधील आहे. तक्रार-अधिकारी नेमावा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी, महिन्याच्या आत निवारण करावे, भारतात राहणारा जबाबदार माणूस ठेवावा, मालाचा मूळ देश सांगावा, असे हे नियम सांगतात. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे पेडणेकर आणि डिचोलीकर यांना उत्तर गोवा जिल्हा आयोग पुरे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. कागद म्हणून हे सारे उत्तम आहे.

परंतु कायद्याचा हात पोचतो तो विक्रेत्याचे काही तरी भारतात असेल तेथवरच. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने प्रमाणित नसलेले २,२६५ प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाख रुपयांचा दंड केला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले हे खरे; परंतु कंपनीला उत्तर द्यावयास उभे तरी राहावे लागले, कारण तिचे घर येथे होते. ज्याचे भारतात कार्यालय नाही, खाते नाही, गोदामही नाही, त्याच्याविरुद्ध आयोगाने निकाल दिला, तरी शेन्झेनमध्ये जाऊन तो बजावणार कोण? २०२० च्या जून आणि नोव्हेंबरमध्ये भारत सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव शीन, क्लब फॅक्टरी, अलीएक्सप्रेस इत्यादी ॲपवर बंदी घातली. ती योग्य की अयोग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे; परंतु दोन देशांमधील वितुष्टात ज्या दारावर तक्रार करावयाची ते दारच एका दिवसात नाहीसे होऊ शकते, हे त्यावेळी दिसून आले. युरोपीय संघानेही आपल्या ग्राहकांसाठी २०१६ साली उघडलेली तंटा-निवारणाची ऑनलाइन व्यवस्था, वापर फार थोडा होतो म्हणून, २० जुलै २०२५ रोजी बंद केली. संपन्न शेजारी राष्ट्रांची ही कथा, तर आपली काय सांगावी?

तेव्हा आजच्या घडीला ग्राहकाचे खरे संरक्षण न्यायालयात नाही. ते पैसे देण्याच्या रीतीत आहे. कार्डाने दिलेले पैसे माल न आल्यास किंवा भलताच आल्यास ‘चार्जबॅक’ म्हणजे उलट वसुलीच्या पद्धतीने आपल्याच बँकेमार्फत परत मागता येतात. विक्रेता जगाच्या पाठीवर कोठेही असो. हा दावा ठराविक मुदतीतच करावा लागतो, म्हणूनच विक्रेत्याच्या ‘थांबा’ला भुलू नये. अनोळखी माणसाच्या खात्यात सरळ भरलेली रक्कम मात्र परत येणे महाकठीण.

कार्डालाही दुसरी बाजू आहेच. देशातील खरेदीत ओटीपीसारखे दुसरे कुलूप सक्तीचे; परदेशी दुकानात ते सक्तीचे नसल्याने केवळ कार्डावरचे आकडे देऊन पैसे जाऊ शकतात. १ ऑक्टोबर २०२६ पासून परदेशी व्यापाऱ्याने अशी पडताळणी मागितल्यास बँकांनी ती केली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवून दिले. पण व्यापाऱ्याने मागितली तर, ही मेख त्यातही आहेच. म्हणून परदेशी व्यवहाराची सोय एरवी बंद ठेवावी, खरेदीपुरती उघडावी, मर्यादा लहान ठेवावी. ही कळ २०२० पासूनच्या नियमांनी प्रत्येक कार्डधारकाच्या हाती दिलेली आहे. परस्पर पैसे गेलेच, तर त्याच दिवशी बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासांचा हिशेब असतो. वस्तूच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरातीचे चित्र, पावती, पत्रव्यवहार जपावा आणि पार्सल उघडताना चित्रण करून ठेवावे. पुरावा नसलेली तक्रार म्हणजे निव्वळ हळहळ.

तथापि सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली केंद्र सरकारकडे. भारतीय ग्राहकाकडून नियमितपणे पैसे घेणाऱ्या परदेशी विक्रेत्याने भारतात जबाबदार माणूस नेमला आहे की नाही, हे पैसे वळते करणाऱ्या संस्थांनीच तपासावे आणि नसेल तर व्यवहार रोखावा. माल समुद्रापलीकडून येत असला, तरी पैसा आपल्याच बँकांच्या दारातून बाहेर पडतो; पहारा त्या दारात हवा. दुसरी मागणी बँकांकडे. उलट वसुलीचा अर्ज पेडणे, साखळी, डिचोली येथील शाखांत मराठीत व कोकणीत मिळावा, आणि तो घेणाऱ्या कारकुनास त्याची माहिती असावी. तिसरी गोवा सरकारच्या नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याकडे. आयोगाचे कामकाज आता ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर आले आहे. पण ते हाताळता न येणाऱ्या माणसासाठी तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस तक्रार लिहून देणारा माणूस बसवावा. बाजाराच्या दिवशी बसविला, तर अधिक बरे. ‘गोवा कॅन’सारख्या संस्था ग्राहकजागृतीचे काम वर्षानुवर्षे करीत आहेत, त्यांची मदत यासाठी मागता येईल.

रक्कम लहान असते, म्हणून हा प्रश्न लहान ठरत नाही. हजार-बाराशे रुपये गेले म्हणून कोणी आयोगाकडे जात नाही, आणि ग्राहक जाणार नाही याच खात्रीवर हा सारा धंदा उभा आहे. खाणी बंद पडल्यानंतर डिचोलीतील कित्येक घरांनी पै-पैचा हिशेब कसा केला, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या घरांना बाराशे रुपये थोडे नसतात. फसलेल्या माणसाने ‘लोक हसतील’ म्हणून गप्प बसणे सोडले पाहिजे, आणि शासनानेही ‘लोभ केलात, भोगा’ ही वृत्ती टाकली पाहिजे. दुकान समुद्रापलीकडे गेले असेल. दाद मागण्याचे दार मात्र तालुक्यातच उघडे राहिले पाहिजे.