मरणाआधीची पानं

या वर्षी आमच्याकडे थोरांवरचे जे लेख आले, त्यांतले बहुतेक फासाच्या दोरापाशी नाहीतर बंदुकीच्या नळीपुढे सुरू होतात. पहाट, कोठडीचं दार, शांत चेहरा. जन्म आणि शिक्षण चार ओळींत उरकून लेखक पुन्हा वधस्तंभाकडे धावत सुटतो. मधली वर्षं हा माणूस करत काय होता, हे कुणाला विचारायचं? ही चीड वर्षभर साठत आली आहे.

वर्ष काही साधं नव्हतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले, शाळेतल्या तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं, मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. त्यावर आत लेख आहेतच. मला बोलायचंय ते फिलिपिन्सच्या होसे रिझालबद्दल. यंदाच्या अंकाची कल्पना ‘बेटं’. सात हजारांवर बेटांचा देश तिच्यात बसतो, एवढ्या भांडवलावर मी ही दोन पानं अडवली.

रिझालची गोष्टही शेवटाकडूनच सांगतात. 30 डिसेंबर 1896, मनिलाचं बागुम्बायान मैदान, सकाळी सातचा सुमार. देशद्रोही म्हणून पाठमोरा उभा केलेला 35 वर्षांचा डॉक्टर गोळ्या लागताना अंग वळवतो आणि आकाशाकडे तोंड करून पडतो. आदल्या दिवशी बहिणीच्या हवाली केलेल्या स्पिरिटच्या छोट्या चुलीत त्याची शेवटची कविता दडवलेली असते. प्रसंग विलक्षण आहे, नाकारतो कोण?

पण त्याआधीची चार वर्षं बघा. 1892च्या जुलैत स्पॅनिश सरकारनं त्याला मिंदानाओ बेटावरच्या दापितानला हद्दपार केलं. माद्रिद, पॅरिस, हायडेलबर्गला शिकून आलेला हा नेत्रवैद्य तिथं कुढत बसला नाही. दवाखाना थाटला. लॉटरीत पैसे मिळाले, त्यातून जमीन घेतली. मुलांची शाळा काढली आणि फीऐवजी त्यांच्याकडून शेतात, बांधकामात काम करून घेतलं. गावाला पाणी आणलं. फावल्या वेळात सरडे, बेडूक, शिंपले गोळा करून युरोपातल्या अभ्यासकांना धाडले; एका उडत्या सरड्याला आणि एका बेडकाला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. उपचारासाठी आलेल्या आंधळ्या गृहस्थाची मानलेली मुलगी जोसेफिन त्याच्याजवळ राहिली. चर्चनं लग्न लावून दिलं नाही, त्यांचं मूलही जगलं नाही.

आणि तो माक्सिमो व्हियोला! 1887 साली बर्लिनमध्ये रिझालची पहिली कादंबरी ‘नोली मी तांगेरे’ याच मित्राच्या पैशावर छापली गेली. छापखान्याची बिलं भरणाऱ्याचा पुतळा कुणी उभारत नाही, म्हणून संपादकानं त्याचं नाव घेणं भाग आहे.

चरित्रकारांना सगळ्यात अडचणीची बाब वेगळीच. रिझालला सशस्त्र उठाव मान्य नव्हता. कातिपुनान या गुप्त संघटनेचा दूत 1896 साली दापितानला आला, तेव्हा तयारीवाचून उठू नका, असं रिझालनं त्याला बजावलं. तरी उठाव झालाच, आणि मरणाच्या पंधरा दिवस आधी रिझालनं कोठडीतून उठावाचा निषेध करणारं पत्रकही लिहिलं. सरकारनं ते दाबून ठेवलं, कारण त्यात उठावाला विरोध असला तरी राजनिष्ठा नव्हती. मग 26 डिसेंबरला लष्करी न्यायालयानं त्याच उठावाचा सूत्रधार ठरवून त्याला दोषी धरलं. हा पेच सोडवायला डोकं लागतं. गोळीबाराच्या वर्णनाला नुसती विशेषणं पुरतात. 1956 पासून तिथल्या शाळा-महाविद्यालयांत त्याचं आयुष्य आणि कादंबऱ्या शिकवणं कायद्यानं सक्तीचं आहे. कॅथलिक चर्चनं या कायद्याला कडाडून विरोध केला होता, तो त्याच्या हौतात्म्याला नव्हे, पुस्तकांना.

आमच्या लेखकांना म्हणूनच विनंती: पुढच्या अंकासाठी चरित्रलेख जरूर पाठवा. हुतात्म्याच्या मरणाला आम्ही एक परिच्छेद देऊ. बाकीच्या पानांवर त्यानं कुणाशी भांडण केलं, पैसे कुठून आणले, काय लिहिलं आणि आज त्याचं कोणतं मत आपल्याला खुपतं, ते हवं. लेख जूनअखेरपर्यंत यावेत.